सारवलेल्या टेपा

१

मे महिन्यात दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असायचं. आम्ही कूलर बनवतो. पत्रा उन्हात इतका तापतो की हात लावला तर कातडी त्याला चिकटून राहते. मालक मुरलीधरजी शटर अर्धं ओढून आतच आडवे व्हायचे आणि मी डबा घेऊन ताईच्या खोलीवर जायचो.

खोली जयपूरच्या झोटवाड्यातच होती, दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, घरमालकीण यमुना आंटींच्या गच्चीवर. गच्चीवर एक खोली, एक नळ आणि बाकी सगळं ऊन. मी कुलूप काढायचो, कूलर लावायचो, खाली बसून जेवायचो, डबा विसळायचो. मग कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून एक टेप लावायचो. टेप एका तासाची. ती संपली की कुलूप लावून परत दुकान.

ताई म्हणजे उत्कर्षा, माझी मोठी बहीण. ती फिल्म बनवायची. असं सांगितलं की लोकांना हिरो आणि गाणी आठवतात. तसलं काही नव्हतं. गोपालपुऱ्याच्या एका कोचिंगमध्ये ती सकाळी इंग्रजी शिकवायची. त्या पगारातून तिने एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला, एक जुना कॉम्प्युटर घेतला, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत या खोलीत बसायची. तिची फिल्म रिकाम्या खोल्यांची होती. परीक्षा झाल्या की गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलमधली पोरं आपापल्या गावी जातात, तेव्हा ती वॉर्डनला पटवून एकेका खोलीत कॅमेरा उभा करायची, चालू करायची, दार ओढून निघून जायची. तासाने परत.

"माणूस गेल्यावर खोली काय करते, ते बघायचंय मला," ती म्हणायची.

"खोली काय करणार? खोलीच राहणार."

"हे आधी सांगायचं ना गाढवा. किती टेपा वाचल्या असत्या माझ्या."

मी नववीत शाळा सोडली. तिच्या कामातलं मला फार कळत नव्हतं. पण टेप घालायची, मागे घ्यायची, वायर जोडायची, हे तिने मला शिकवलं होतं. कूलर मी तिच्यासाठी बनवून दिला होता.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, ताई या गच्चीवरून मागच्या गल्लीत पडली. मागच्या बाजूचा कठडा बांधायचा राहिलाय, नुसत्या सळया वर आल्यात. पण ती दीड वर्ष रोज इथे येत होती. ती बाजू तिला माहीत होती. म्हणून लोक म्हणाले, उडी मारली. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या वंदनेला आलेले आमच्या रेल्वे कॉलनीतले लोक चपला घालता घालता तेच कुजबुजले, आणि बाबांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून बाबांनी ताईचं नाव घेतलं नाही. नुसतं 'तिचं' म्हणायचे. तिचं सामान. तिची खोली.

मला खात्री होती की तिने उडी मारली नाही. पण माझी खात्री कोणाच्या काय कामाची?

कॅमेरा टेबलावर सापडला होता, लेन्सला झाकण लावलेला, आतली टेप संपून बंद पडलेला. पोलिसांनी टेप पुढे पळवून बघितली. "ब्लैंक है," हवालदार म्हणाला आणि सगळं एका पिशवीत घालून परत दिलं. ती टेप मी काढली आणि वेगळी ठेवली. ती ब्लँक नाही हे मला माहीत होतं. तिच्यात ताईची शेवटची दुपार होती. मी ती ऐकणार होतो. आज नको, उद्या, असं करत होतो.

२

ती ब्लँक का नाही, ते सांगतो.

नवीन टेप आणली की ताई लगेच शूटिंग करायची नाही. आधी लेन्सला झाकण लावायची आणि टेप शेवटपर्यंत तशीच रिकामी भरू द्यायची. मग मागे घेऊन तिच्यावर खरं शूटिंग. त्याने टेपवरचा वेळेचा आकडा मध्येच तुटत नाही, एडिटिंगला त्रास होत नाही, असं ती म्हणायची. "आधी सारवायचं, मग रांगोळी." त्या टेपांना ती सारवलेल्या टेपा म्हणायची. बुटाच्या एका खोक्यात तशा बऱ्याच टेपा उरल्या होत्या, ज्यांच्यावर रांगोळी काही निघाली नाही.

सुरुवातीचे काही दिवस मी तिच्या टेपांवरच्या खोल्या बघितल्या. गाद्या, पंखे, भिंतीवरची सूत्रं, खिळ्याला अडकलेला एक मोजा. तास तास. ताई कुठेच नाही, कारण ती कायम कॅमेऱ्याच्या मागे. फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही. मग एके दिवशी चुकून सारवलेली टेप लागली. टीव्ही काळा. मी बटण दाबणार, एवढ्यात कोणीतरी फुर्र करून चहाचा घोट घेतला.

ताई चहा असाच प्यायची. बाबा टोकायचे तरी.

झाकण कॅमेऱ्याच्या डोळ्याला असतं. कान उघडाच राहतो.

मी काळ्या टीव्हीसमोर मांडी घालून बसलो. ताई टाइप करत होती. खुर्ची करकरत होती. मध्येच ती गुणगुणायची, शब्द नाहीत, एकाच ओळीचा अर्धा तुकडा पुन्हा पुन्हा. मग कबुतरांवर ओरडली, "हट! आलात परत? भाडं द्या मग." मग पुन्हा चहा. मग स्वतःशीच, "मतलब हे इथे नाही चालणार. हे काढू."

एक तास ताई खोलीत होती. टेप संपली तेव्हा मी इतका रडलो की यमुना आंटी वर आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, रो ले. पर कमरा बंद करके मत बैठा कर." लस्सीचा ग्लास ठेवून खाली गेल्या.

३

त्यानंतर मी रोज एक सारवलेली टेप लावायला लागलो. डोळे मिटून बसलं की ती माझ्या मागे टेबलापाशी बसलीये असंच वाटायचं. टेबल खरंच माझ्या मागे होतं. मी मागे वळायचो नाही.

एका दुपारी हात लागून माझा पाण्याचा पेला फरशीवर पडला. स्टीलचा पेला, रिकामी खोली. ठणठणत दारापर्यंत गेला.

"अगं बाई!" टीव्हीतून ताई म्हणाली.

मला हसूच आलं. बरोबर वेळेवर. मग हसू गेलं, कारण ती पुढे म्हणाली, "काय पडलं?" खुर्ची सरकली. तिची पावलं दारापर्यंत गेली, परत आली. "काहीच तर नाही पडलेलं."

मी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. या वेळी पेला माझ्या हातात घट्ट धरलेला होता. टेपमध्ये ठणठणाट झाला, दारापर्यंत गेला, आणि ताई म्हणाली, अगं बाई.

मी स्वतःला समजावलं. तिच्याही खोलीत तेव्हा काही पडलं असेल, आणि नेमका त्याच वेळी माझा पेला पडला. होतं असं कधी कधी. दुकानात येऊन पत्रा कापायला लागलो तरी तेच डोक्यात. मग एक गोष्ट लक्षात आली आणि कात्री थांबली. तिच्याकडे काही पडलं असतं आणि माझ्याकडेही, तर पहिल्या वेळी मला दोन आवाज यायला हवे होते. मी एकच ऐकला होता.

"सो गया क्या रे?" मुरलीधरजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आधी मी सगळ्या टेपांच्या पाठीवरची छोटी पट्टी सरकवली. ती सरकवली की टेपवर नवीन काही भरता येत नाही. म्हणजे कॅमेरा काही माझ्या खोलीतला आवाज टेपवर घेत असेल, तर ते तिथेच थांबावं. हे ताईनेच शिकवलं होतं.

४

पुढची टेप लावली. ताई काम करत होती, माऊसचा टिक टिक आवाज. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पण माझं ठरवलेलं कधी टिकत नाही.

"ताई," मी म्हणालो.

टिक टिक थांबली.

"संग्राम?" ती म्हणाली. "कधी आलास?"

मी पुढे सरकून टीव्हीच्या काचेला हात लावला. तिकडे खुर्ची मागे गेली, दाराची कडी निघाली, कबुतरं फडफडली. तिचा आवाज लांबून आला, "ए, लपतोस काय? मी जिन्यात बघणार नाहीये हं." मग पावलं परत. मग फोनची बटणं.

"आई, संग्राम कुठाय? ... नाही, मला आत्ता त्याची हाक आली. इथे, खोलीत. ... अगं खरंच. ... जेवतोय? बरं. त्याला म्हणावं, मामाच्या जिवावर किती खाशील, इकडे पत्रे वाट बघतायत."

मामाच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला आई आणि मी अकोल्याला गेलो होतो. फेब्रुवारीत. म्हणजे ही टेप तेव्हाची. त्या दिवशी मी जयपुरात नव्हतोच.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई गहू निवडत बसली होती. बाबा ड्युटीवरून येऊन पेपर वाचत होते. बाबा रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहेत. आधीही ते कमीच बोलायचे.

"आई, आपण अकोल्याला होतो तेव्हा ताईचा फोन आला होता का?"

"आल्ता ना," आई म्हणाली. "तू मामाच्या ओसरीत जेवत होता. मले म्हणते, संग्रामची हाक आली. मी म्हटलं, त्या कॅमेऱ्यानं डोकं फिरलं काय तुयं? तो इथं माह्यासमोर चवथी पोळी खाऊन राह्यला."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"आधी?" आईचा हात गव्हात थांबला. ती सुपाकडे बघत राहिली. "काय माहीत बापा. मले आत्ताच आठवलं."

पेपरामागून बाबा म्हणाले, "तिची खोली कधी खाली करतं?"

५

मी रोज बोलायला लागलो.

दुकानात मी कोणाशी बोलत नव्हतो. घरी तर बोलणं म्हणजे मीठ दे आणि दिवा मालव एवढंच. त्या एका तासात मी ताईला सगळं सांगायचो. पत्र्याने बोट कापलं ते. मुरलीधरजींनी बिघडलेला कूलर विकून माझं नाव पुढे केलं ते. ती गेली हे सोडून सगळं. ते माझ्या जिभेवर येत नव्हतं.

पहिल्या पहिल्यांदा ती उठून दार उघडायची. नंतर उठणं बंद झालं. एका टेपमध्ये म्हणाली, "आज उशीर केलास." मी इतका खूश झालो की तिथेच उड्या मारल्या.

मग एकदा मला तिचं गुणगुणणं ऐकावंसं वाटलं. पहिली टेप, चहाची. ती शोधून लावली.

चहाचा घोट नव्हता. गुणगुणणं नव्हतं. कबुतरं होती, पण त्यांच्यावर कोणी ओरडलं नाही. मी टेपवरची चिठ्ठी पाहिली, टेप तीच होती. कान लावून बसलो. ताई होती. तिचा श्वास ऐकू येत होता. खुर्ची थोडी करकरायची. ती काहीच करत नव्हती. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "आहेस का?"

मी दुसरी टेप लावली. तेच. तिसरी लावली, त्या दिवशी दुकानात गेलोच नाही. सगळ्या टेपांमध्ये ताई काम सोडून गप्प बसली होती आणि ऐकत होती. या टेपा बदलल्या, की आधी मी ऐकलं तेच खोटं होतं? फुर्र करून चहा पिणारी ताई मीच मनातून काढली होती? ठरवता येईना. जे हवं होतं ते मीच बोलून बोलून पुसलं होतं, एवढं मात्र वाटत राहिलं.

खोक्यातल्या शेवटच्या टेपमध्ये ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. कुजबुजली, "संग्राम, खरं सांग. तू जिवंत आहेस ना रे?"

"आहे ना ताई," मी बोलून गेलो. "मी आहे. तूच तर..."

आणि जीभ चावली.

टेपमध्ये तिची खुर्ची हळूच मागे सरकली.

घरी आल्यावर मी आईला विचारायच्या आधीच आई म्हणाली, "पोरगी शेवटी शेवटी रोज विचारे, संग्राम ठीक हाये ना? त्याले बरं हाये ना? मी म्हणो, तुयाच तर पुढ्यात जेवतो तो रोज, तूच पाह्य ना." ती डोळे पुसत आत गेली.

घरी माझ्या शेजारी जेवताना ताई मधूनच माझ्या मनगटाला हात लावायची. मला वाटायचं खोडी काढते.

६

म्हणून मी ठरवलं, आता तिला त्रास द्यायचा नाही. शेवटची दुपार ऐकायची, पण तोंड उघडायचं नाही. तिने उडी मारली की नाही, एवढं कळलं की झालं.

मी कूलर बंद केला. खोलीत लगेच भट्टी झाली. माझा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून गळ्यातला गमछा गोळा करून तोंडात कोंबला, आणि टेप लावली.

टीव्ही काळा. ताई टाइप करत होती. दोन ओळी झाल्या की थांबायची.

"आहेस का?" ती म्हणाली.

मी गमछा दातांनी दाबला.

टाइप. थांबली. "आज बोलत नाहीस?"

घाम डोळ्यात जात होता. पुसायला हातसुद्धा हलवला नाही.

"रागावलास का?" ती म्हणाली. मग हसल्यासारखं करून, "अरे मला सवय झाली ना तुझी. घरी तू बसलेला असतोस तेव्हा हे विचारता येत नाही. वेडी म्हणशील." मग अगदी बारीक आवाजात, "एकदा बोल ना. मतलब, नुसतं हं म्हण."

मी हं म्हणालो नाही. कसं ते मला माहीत नाही.

आणि बाहेरून, गच्चीवरून, माझा आवाज आला.

"ताई."

मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. आवाज टीव्हीतून आला होता. माझ्या तोंडात गमछा होता.

"ताई, ये ना."

"आले!" ताई म्हणाली. तो आनंद मी कसा सांगू. लहान असताना शाळेच्या फाटकात मला बघून ती असंच म्हणायची. "थांब, आले!" खुर्ची पडली. कडी निघाली. अनवाणी पावलं गच्चीवर धपधप, चटके बसत असणार, "स्स, हाय हाय" करत होती, हसत होती. "कुठे आहेस?"

"इकडे."

"कुठे इकडे?"

"इकडे. मागे."

मग कबुतरं एकदम उडाली. त्यानंतर टेप चालू होती पण तिच्यात कोणी नव्हतं. खालून यमुना आंटींची किंकाळी आली, खूप उशिराने.

मी गमछा ओढून काढला आणि तिथेच ओकलो. तिने उडी मारली नव्हती. तिला बोलावलं होतं.

७

आता वाटतं, कोणाला सांगायला नको होतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं. बाबांनी हे ऐकलं की बाबा पुन्हा तिचं नाव घेतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना घेऊन आलो. ते कधीच या खोलीत आले नव्हते. दारात उभे राहून त्यांनी सगळं बघितलं, कूलर, टेबल, कबुतरांची घाण. मग ताईच्या खुर्चीवर बसले.

"काय ऐकवतं?"

"ताईचा आवाज आहे. तिने उडी नाही मारली बाबा. पण एक विचित्र आहे, आधीच सांगतो. तिच्यात माझाही आवाज आहे. तो मी नाही."

"आपल्यात असलं काही मानत नाहीत, संग्राम."

"मीही मानत नाही. तुम्ही ऐका."

मी पुन्हा गमछा तोंडात घातला. त्यांनी विचारलं नाही. टेप लावली.

ताईचं टाइप करणं ऐकताच बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, वंदनेला बसल्यासारखे. ती "आहेस का" म्हणाली तेव्हा त्यांचे ओठ हलले. तिचं एकेक वाक्य ते आत घेत होते. तिची वाट बघणं, तिचं हसणं. मग बाहेरून माझी हाक आली आणि बाबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. गमछा दाखवला.

"थांब, आले!" ताई म्हणाली. खुर्ची पडली. पावलं गच्चीवर गेली.

"कुठे आहेस?"

"इकडे."

बाबा ताडकन उठले. शांत माणूस, कधी आवाज न चढवणारा, टीव्हीवर ओरडला, "उत्कर्षा! थांब! तिकडं जाऊ नको, मांगं फिर!"

पावलं थांबली.

काल ती थांबली नव्हती.

"बाबा?" ताई म्हणाली. लांबून, उन्हातून. "बाबा, तुम्ही कधी आलात?"

बाबांनी टीव्हीला दोन्ही हातांनी धरलं. काळ्या काचेवर त्यांचा चेहरा टेकला होता. "ये मा, घरात ये," ते म्हणत होते. "सावलीत ये." एक पाऊल ऐकू आलं. मग आणखी एक. ते जवळ येत होतं. मला शपथेवर सांगता येईल, ते जवळ येत होतं.

मग माझा आवाज आला. या वेळी गच्चीवरून नाही. टेबलापाशी बसून, कॅमेऱ्याला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून, अगदी प्रेमाने.

"बाबा कुठले? इथे मीच आहे. ये."

पावलं वळली. धावली. कबुतरं उडाली.

बाबांनी वायर उपटली.

मग बाबा म्हणाले, "काढ ते तोंडातलं."

मी गमछा काढला. कोरडा पडला होता, ओठाची साल निघाली.

"बोल काही."

"काय बोलू बाबा?"

माझा आवाज ऐकला आणि बाबा मागे सरकले. भिंत लागली तेव्हा थांबले.

"त्या दिवशी मी दुकानात होतो," मी म्हणालो.

"माहीत हाये मले," बाबा म्हणाले. "मीच फोन केल्ता दुकानात. तूच उचलला होता." पण भिंतीपासून ते पुढे आले नाहीत. "तू आंधी उतर," ते म्हणाले. "मी मांगून येतो."

८

खोली त्याच आठवड्यात खाली केली. टेपांचं खोकं बाबांनी स्वतः नेलं. कानोत्याच्या बंधाऱ्यात टाकलं की जाळलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बाबा आता ताईचं नाव घेतात. कॉलनीत कोणी तोंड वाकडं करून काही म्हणालं तर तिथेच सुनावतात, "माह्या उत्कर्षानं उडी नाही मारली. तिचा पाय घसरला." जेवताना तिच्या गोष्टी काढतात. आई हसते, रडते. मला हेच हवं होतं.

माझं नाव मात्र बाबा घेत नाहीत. मी समोर असलो तर बोलतात, माझ्या तोंडाकडे नीट बघत. दुसऱ्या खोलीतून मी काही विचारलं तर घर गप्प होतं. मी दारात येऊन उभा राहिलो की मग उत्तर येतं. आईला बाबांनी काय सांगितलं माहीत नाही. तिची सासू, म्हणजे माझी आजी, सांगायची, भर दुपारी हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. आई त्या गोष्टीवर आयुष्यभर हसत आली. आता ती माझ्या तीन हाका होऊ देते. मी ते मनाला लावून घेत नाही. तीनदा हाक मारायला काय जातं.

काल दुपारी अंग कणकणत होतं म्हणून मी दुकानातून लवकर आलो. क्वार्टरचं दार आतून लावलेलं होतं. कॉलनीत चिटपाखरू नव्हतं.

"आई," मी हाक मारली.

काही नाही. बरोबर होतं, पहिलीच हाक.

"आई."

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. ती ऐकत होती. मी घसा खाकरला, तिसऱ्यांदा हाक मारायला श्वास घेतला.

"आली रे बापा, आली," आत आई म्हणाली.

तिसरी हाक मी अजून मारलीच नव्हती. पावलं माझ्याकडे येत नव्हती. ती लांब जात होती. मागच्या दाराची कडी निघाली. मागची भिंत कधीची पडलीये, आणि तिच्यापलीकडे सरळ रूळ आहेत.

थांब, असं ओरडायला मी तोंड उघडलं. आणि माझा आवाज ऐकून ती कोणाकडे जाईल, ते मला कळेना.